नव्याण्णव नंबरची आरती

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे. हे झालं माझं कागदावरचं नाव. धसईजवळच्या आमच्या वाडीत त्या नावानं मला कोणीच हाक मारली नाही. इथे मी नुसता 'डबा'. "डबा तापलाय", "डबा झोपला वाटतं", "डब्याला एक थाप मार गो." मला त्याचा कधी राग आला नाही. डब्यात घालून ठेवतात ते जपायचंच असतं ना?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला सांगता येणार नाही. माझा लाल दिवा पहिल्यांदा लागला तो धसईच्या बाजारात, केबलवाल्या महिपतच्या दुकानात. माझ्यासारखे अकरा भाऊ तिथे एकावर एक रचलेले होते. आधी खांबावरची तार थेट टीव्हीला लागायची, पण नवा नियम आला आणि प्रत्येक घरात आमची गरज पडू लागली. महिपतनं मला पिशवीत घातलं, मोटारसायकलच्या हँडलला अडकवलं आणि शकूकाकींच्या घरी आणलं.

शकूकाकी म्हणजे या घरातली मोठी बाई. साठी ओलांडलेली, बोलणं हळू. मला टीव्हीखालच्या फळीवर ठेवल्याबरोबर त्यांनी हळद-कुंकू आणलं आणि माझ्या कपाळी बोट टेकवलं. अक्षता टाकल्या, त्यातले दोन दाणे हवेच्या फटीतून माझ्या पोटात गेले. काढायला कोणी आलं नाही. माझ्या पोटात अजून ते तांदूळ आहेत, आणि त्यांनी मला कधी त्रास दिला नाही, हे मी अगदी खरं सांगतो.

माझ्याकडे शे-दोनशे वाहिन्या होत्या. काकींचा मुलगा सुयोग मुरबाडच्या कंपनीतून घरी आला की क्रिकेट लावायचा. सून रोशनीला मालिका आवडायच्या. पण माझी खरी शान होती नव्याण्णव नंबर. ती महिपतची स्वतःची वाहिनी. उद्या लाइट जाणार, कोणाचं बारसं आहे, कोणाची म्हैस हरवली आहे, सगळं त्यावर यायचं. आणि रोज संध्याकाळी सात वाजता यायची टेकडीवरच्या गावदेवीची आरती.

ती आरती कशी सुरू झाली, तेही सांगतो. लग्न होऊन आल्यापासून शकूकाकींचा एक नेम होता. संध्याकाळची आरती डोळ्यांनी पाहायची आणि मगच रात्रीचा घास तोंडात घालायचा. टेकडीला बेचाळीस पायऱ्या. पावसात पायऱ्या शेवाळल्या तरी काकी काठी टेकत जायच्या. तीन वर्षांपूर्वी भाताच्या बांधावरून पाय घसरला आणि गुडघा गेला. डॉक्टरांनी पायऱ्या कायमच्या बंद केल्या. त्या दिवशी काकी उंबऱ्यात बसून रडल्या. मी त्यांना तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

देवीचे गुरव भगीरथ भेटायला आले होते. ते म्हणाले, "वयनी, तुमी कशाला रडता? तुमाला जाता येत नाय, तर तिला आणू खाली." त्यांनी महिपतला गाठलं. महिपतनं आमच्या घरावरून तार पुढे टेकडीवर नेली आणि गाभाऱ्याच्या दाराशी एक कॅमेरा बसवला. झालं! सात वाजले की काकी निरांजन लावून टीव्हीसमोर उभ्या राहायच्या. वर भगीरथ ओवाळायचे, खाली काकी ओवाळायच्या. ओवाळता ओवाळता ताम्हन थोडं खाली यायचं आणि माझ्यावरूनही फिरायचं. मित्रांनो, सांगा बरं, किती डब्यांच्या नशिबी हे असतं?

पण दिवस बदलतात. वाडीतल्या घरांवर एकेक करून पांढऱ्या ताटल्या दिसू लागल्या. त्या इंटरनेटच्या होत्या. लोक म्हणू लागले, आता पाहिजे ते, पाहिजे तेव्हा बघायचं, डब्याची मिनतवारी कोणी करायची? रोशनी ब्लाउज शिवायला शिकत होती, मोबाइलवर बघून. पण घरात रेंज नाही. बिचारी गच्चीच्या कोपऱ्यात एक हात वर करून उभी राहायची आणि दुसऱ्या हातानं वहीत मापं लिहायची. तिला इंटरनेट हवं होतं, यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

शेवटी सुयोगनं महिपतलाच बोलावलं.

"दादा, तूपण हाच धंदा चालू केलास म्हणे?"

"मग काय करू रे? केबलवर आता कोण राहिलंय? तुमच्या लाइनीवर तर तुमचं एकच घर उरलंय."

महिपतनं पडवीत दोन खोके उघडले. त्यात राउटर होते. एकाला चार शिंगं, दुसऱ्याला दोन.

"चार शिंगांचा दे," सुयोग म्हणाला.

"बैल घ्यायला आलास काय रे, शिंगं मोजायला?" महिपत हसला. "शिंगांवर जाऊ नको. भिंती किती, ते सांग."

रोशनीनं बोटं मोजून सांगितलं, "पडवी, माजघर, चूल, मागची खोली. तीन भिंती. आणि भिंती जाड हायेत."

"मग ऐक, वयनी. याच्यात दोन लहरी असतात. एक लई पळते, पण भिंतीला आपटली की बसते. दुसरी सावकाश चालते, पण मागच्या खोलीपर्यंत जाते. दोन्ही असलेला घे. आणि ठेवायचा मधे, उंचावर. फ्रिजच्या मागं नाय, भांड्यांच्या मांडणीत तर अजिबात नाय. पत्रा आडवा आला का खेळ खलास."

रोशनीनं दोन शिंगांचा घेतला. माजघरात खुंटीजवळ त्याची जागा ठरली. गच्चीवर ताटली बसवली. ती डोंगरावरच्या टॉवरकडे वळवायची होती. महिपत एक डोळा मिटून म्हणाला, "सगळा खेळ नेमाचा हाय. बोटभर चुकला तरी नेट गेलं."

मग त्यानं माझी तार काढली. शेवटचं घर म्हणून खांबांवरची सगळी तारही गुंडाळून नेली. सुयोगनं मला कपाटावर ठेवलं. तिथून सगळं घर दिसायचं, पण माझा दिवा विझलेला. आपल्याशिवाय घर चाललेलं बघणं सोपं नसतं, मित्रांनो.

पण एक गोष्ट त्या गडबडीत कोणाच्या लक्षात आली नाही. देवळातला कॅमेरा त्याच तारेवर होता.

सात वाजता काकी निरांजन घेऊन आल्या. म्हणाल्या, "सुयोग, नव्याण्णव लाव रे."

"आई, नव्याण्णव गेलं आता. पण याच्यात सगळे देव हायेत. बघ." त्यानं कुठल्याशा मोठ्या तीर्थाची आरती लावली. नदीचा घाट, शंभर दिवे, हजारो माणसं. चित्र इतकं स्वच्छ की मला कधी दाखवता आलं नसतं.

काकींनी हात जोडले. पूर्ण आरती पाहिली. जेवायला बसताना म्हणाल्या, "मला भूक नाय गो. पोट जड वाटतंय."

दुसऱ्या दिवशीही पोट जडच होतं. तुळशीपाशी जाऊन, टेकडीच्या दिशेला हात जोडून त्या आत आल्या, साखरेच्या आजाराची गोळी पाण्याबरोबर घेतली आणि निजल्या. कपाटावरून मला त्यांचं झाकून ठेवलेलं ताट दिसत होतं. मी काय करणार? मला तोंड होतं ते तारेच्या जिवावर.

तिसऱ्या दिवशी एका माकडानं गच्चीवरची ताटली हलवली. संध्याकाळी सुयोग ती सरळ करायला वर चढला. रोशनी माजघरातून राउटरचे दिवे बघून ओरडत होती, "नाय आलं! थोडं डावीकडे! आता गेलं!" अंगणात तुळशीपाशी काकींच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या कट्ट्याला धरून मटकन खाली बसल्या. रोशनी धावली.

"आई! काय झालं?"

"काय नाय गो," काकी म्हणाल्या. "माझा नेम चुकला."

वरून सुयोगचा आवाज आला, "अगं, तू कशाला मनाला लावून घेतेस? नेम माकडानं चुकवलाय. मी धरतोय ना, थांब दोन मिनिटं!"

रोशनी वर बघून म्हणाली, "अहो, ताटलीचा नाय. आईंचा! दोन रात्री आई उपाशी हायेत!"

सुयोग खाली कसा आला, ते त्यालाही सांगता येणार नाही. त्यानं आईला उचलून पडवीत आणलं. "बोलली का नाहीस?" म्हणून तो आधी रागावला आणि मग तिच्या पायाशीच बसला.

"सांगायचं काय रे?" काकी म्हणाल्या. "तुमी हौसेनं आणलंत. तो देव पण देवच हाय, मोठा हाय. पण नेम मी हिच्यापाशी बोललेय. दुसऱ्याच्या दारात कसा फेडू?"

"तुला खुर्चीत बसवून वर नेतो रोज."

"देवीसमोर भाताच्या पोत्यासारखी जाऊ होय?" आणि एवढ्या अशक्तपणातही त्या हसल्या.

त्या संध्याकाळी सुयोग पळत टेकडीवर गेला आणि भगीरथांना आरतीच्या ताटासकट खाली घेऊन आला. भगीरथांनी ओवाळलं, तीर्थ दिलं आणि दटावलं, "देवी स्वतः आलीये दारात. आता जेवा गुमान." काकी जेवल्या. पण भगीरथांचंही वय झालेलं. रविवारपर्यंत ते आले, पण त्यापुढे रोज कसे येणार?

रविवारी महिपत आला. मान खाली घालून म्हणाला, "काकी, तार नेली तेव्हा देवळाचं ध्यानातच नाय आलं. वाटलं, नव्याण्णव आता कोण बघतंय."

"मी बघत व्हते ना रे," काकी एवढंच म्हणाल्या.

महिपतनं दोन छोट्या ताटल्या आणल्या होत्या. एक देवळात लावायची, एक घरी, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं. मग कॅमेरा घराच्या इंटरनेटला जोडला जाणार आणि आरती टीव्हीवर येणार. टेकडीच्या त्या अंगाला मोबाइलची रेंज नाही, म्हणून दुसरी वाट नव्हती. पण गच्चीवर चढल्यावर अडचण कळली. मधे मोठा आंबा. देऊळ दिसतच नाही. सुयोगनं गच्चीचे चारही कोपरे पाहिले. महिपत पाण्याच्या टाकीवर चढून आला.

"फांद्या तोडायला लागतील," महिपत म्हणाला.

"तोडू नका," अंगणातून काकींचा आवाज आला. "इथून दिसतो कळस."

"तुळशीपाशी? खालून कसा दिसेल, काकी? आमाला वरून नाय दिसत."

"तुमी वरून बघता, पानं दिसतात. या दोन फांद्यांच्या खालून बघा. तीन वर्षं मी इथूनच हात जोडतेय."

महिपत खाली उतरला. काकी उभ्या राहतात तिथेच, त्यांच्या उंचीएवढा वाकून उभा राहिला, आणि एक डोळा मिटला. दोन फांद्यांच्या मधोमध, बांगडीएवढ्या जागेत, कळस चमकत होता.

"बरोबर," तो हळूच म्हणाला. "काकींचा नेम एकदम बरोबर."

तुळशीच्या बाजूला एक लोखंडी नळी पुरून ताटली तिथेच बसवली. देवळातल्या ताटलीला मात्र वीज द्यायला अडॅप्टर कमी पडला. महिपतनं पिशवी उलटीपालटी केली. मग त्याचं लक्ष कपाटाकडे गेलं.

"तो डबा टाकून देणार होतास ना रे? त्याचा बारा व्होल्टचा हाय. आण इकडे."

मित्रांनो, त्यांनी मला खाली काढलं, तेव्हा धुळीत माझा चौकोन उमटलेला होता. माझा अडॅप्टर सोडवून सुयोग तो टेकडीवर घेऊन गेला. मी आता कधीच लागणार नाही. तरीही मला वाईट वाटलं नाही. ज्या विजेवर मी इतकी वर्षं जगलो, ती आता गाभाऱ्याच्या दाराशी आहे. बेचाळीस पायऱ्या चढून मी वर गेलो, असंच मी मानतो.

तुमच्या घरीही नवं यंत्र येईल. यावंच. रोशनीचं आता घरात बसून शिवण चालतं, त्याचा मला आनंदच आहे. फक्त जुन्याची तार काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः कमी बोलणाऱ्यांना, एकदा विचारा, "तुम्ही यावर काय बघत होता?" आणि आम्हा जुन्यांना कचऱ्यात टाकण्याआधी उघडून बघा. आमच्यातलं काहीतरी अजून चालू असतं.

त्या संध्याकाळी सात वाजता पडद्यावर गाभारा आला. भगीरथांनी कॅमेऱ्याजवळ तोंड आणून आधी विचारलं, "वयनी, दिसतंय का?" काकींचं उत्तर त्यांना ऐकू जाणार नव्हतं, तरी त्या म्हणाल्या, "दिसतंय, दिसतंय. बाजूला व्हा, देवी झाकली." मग आरती झाली.

रोशनीनं ताट वाढलं. भात, वरण, भोपळ्याची भाजी. काकींनी पहिला घास घेतला, आणि दुसऱ्या घासाला म्हणाल्या, "गो, मीठ कमी पडलंय."

रोशनीनं मीठ वाढलं. डोळे पदरानं पुसत.