सतरावी तपासणी

तिने संगणकासाठी लिहिलेल्या स्क्रिप्टमधली सतरावी तपासणी पुसून टाकली आणि खुर्चीला पाठ टेकली. आता बसा बोंबलत, ती मनातल्या मनात म्हणाली.

इस्पितळाच्या ॲपची नवी आवृत्ती सर्व्हरवर चढली, की सगळं नीट चालतंय ना, हे गेली सहा वर्षं ती स्वतः एकेक पान उघडून तपासत आली होती. एकूण सतरा गोष्टी. शेवटची तिनेच शोधून काढलेली: एक खोटा पेशंट उघडायचा आणि त्याची औषधांची ॲलर्जी डॉक्टरांना दिसते का, ते पाहायचं. मार्चमध्ये साहेब टेबलाशी येऊन म्हणाले होते, "सतरावी राहू दे, घाई आहे." तिने राहू दिली. दोन दिवसांनी एका बाईंना नको ते औषध दिलं गेलं. त्या कशाबशा वाचल्या. मीटिंगमध्ये साहेबांनी सरळ हात झटकले.

"तपासणी तर हिच्याकडे असते," म्हणाले.

ते टेबलाशी काय बोलले, हे लिहून थोडंच ठेवलं होतं? आता हे काम यंत्राला शिकवायचं आणि शुक्रवारी कायमचं घरी जायचं, असं तिला सांगण्यात आलं होतं. तेही हसतमुखाने.

साहेब तोंडावर आपटलेले तिला डोळे भरून पाहायचे होते. पण सतरावी गाळली तर आपटणार कोण? पुन्हा कोणीतरी बाईच, वॉर्डातल्या खाटेवर. साहेब तेव्हाही हातच झटकतील. तिने चडफडत ओळ परत आणली. मग तिच्या खाली आणखी चार ओळी लिहिल्या.

शुक्रवारी सकाळी इस्पितळाच्या प्रमुख, मोठ्या बाईंसमोर प्रात्यक्षिक होतं. सगळं आपणच घडवल्याच्या थाटात साहेबांनी बटण दाबलं. नवी आवृत्ती चढली. तपासण्या एकामागून एक हिरव्या होत गेल्या आणि सतरावी लाल झाली. खोट्या पेशंटच्या ॲलर्जीचा रकाना कोरा होता.

"किरकोळ आहे," साहेब तिच्याकडे न बघता म्हणाले. "सतरावी वगळ. दुपारी सगळ्या वॉर्डांत सुरू करायचंय."

"वगळता येते ना, साहेब. तिथे 'वगळा' दाबा."

त्यांनी दाबलं. पडद्यावर एक चौकट उघडली. कोणाच्या सांगण्यावरून वगळली? नाव लिहा.

साहेबांनी कीबोर्ड तिच्यापुढे सरकवला.

"टाक तुझं."

"माझं आता चालत नाही, साहेब," ती अगदी गोड आवाजात म्हणाली. "सकाळीच तुम्ही कर्मचाऱ्यांच्या यादीतून काढलंत."

मोठ्या बाईंनी चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.