राखाडी पॉपीची पाटी

जूनच्या दुसऱ्या रविवारी ॲशकोम गावातली सात घरं आपापल्या बागांची फाटकं सताड उघडी ठेवतात, आणि एरवी कुंपणावरून डोकावणारे लोक त्या दिवशी रीतसर तिकीट काढून डोकावतात. शेजारच्या गावातली म्युरिएल ट्रँटर मुलगा रॉजर आणि सून प्रू यांना घेऊन आली होती. सहा बागा तिने पाऊण तासात उरकल्या. एकीत गुलाबांवर मावा होता, दुसरीत हिरवळ वाकडी कापलेली, तिसरीत केक कोरडा. तिला बघायची होती ती सातवी, नणंदेची.

नणंदेकडे, म्हणजे हेस्टरकडे, म्युरिएलची पॉपी होती, खसखशीच्या जातीचं फुलझाड. राखेच्या रंगाची. साध्या लाल पॉपीतून म्युरिएलने ती सात उन्हाळ्यांत काढली होती. रोज पहाटे उठायचं, लाल फूल दिसलं की मधमाशी त्याचे पराग इतर फुलांवर नेण्याआधी रोप मुळासकट उपटायचं, फिकट तेवढं ठेवायचं. त्यातलंच बी तिने हेस्टरला दिलं होतं. त्या भागात झाड देणाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं. तेव्हा वाफ्यातल्या पाटीवर आपलं नाव असावं, एवढीच म्युरिएलची अपेक्षा. ती तिने कोणाला सांगितली नव्हती, त्यामुळे घरात सगळ्यांना ठाऊक होती.

पाटीवर पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘राखाडी पॉपी. आपोआप उगवलेली.’

“आपोआप?” म्युरिएल म्हणाली.

“वहिनी, तुझेच शब्द,” हेस्टर चहाची किटली घेऊन आली. “बी घेताना मी म्हटलं, काय रंग आहे गं! तर तू म्हणालीस, ‘छे, त्यात काय, आपोआप उगवतं ते.’”

“तसं म्हणायचं असतं!”

“आणि ऐकणारीने काय धरायचं असतं?”

“आई, चहा निवतोय,” रॉजर म्हणाला.

“निवू दे,” प्रू म्हणाली. “आत्या, मग पुढे?”

केकची तारीफ झाली की तो बसलाय म्हणायचं, कपड्यांची झाली की जुने आहेत म्हणायचं, हे म्युरिएलने जन्मभर पाळलं होतं. तिच्या ओळखीच्या सगळ्यांनीच पाळलं होतं.

तेवढ्यात एक टोपीवाली बाई वाफ्यावर वाकली. “अगबाई, हा रंग! कुणी काढला हो?”

हेस्टर किटली धरून वहिनीकडे बघत राहिली.

“मी,” म्युरिएल म्हणाली. “सात वर्षं लागली.”

रॉजर कपाच्या तळाशी काही सापडतंय का ते पाहू लागला. टोपीवाली “हो का, हो का” म्हणत एक पाऊल मागे सरकली. या बाईंना ऊन लागलं असावं, असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हेस्टरने किटली गवतावर ठेवली, केसांत खोचलेली पेन्सिल काढली आणि पाटी नव्याने लिहिली : ‘राखाडी पॉपी. म्युरिएल ट्रँटर. सात वर्षं लागली, असं त्या म्हणतात.’

“शेवटचं खोडून टाक,” म्युरिएल म्हणाली.

“ते राहील. वाफा माझा आहे.”

म्युरिएलने चष्मा लावून पाटी पुन्हा वाचली.

“मग आठ कर,” ती म्हणाली. “पहिल्या वर्षी सगळी लालच आली होती. ते मी धरलंच नव्हतं.”

हेस्टरने साताचे आठ केले.