बसून वाढणारी बुद्धी

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर पहिलीतली एक मुलगी, डोळ्यांवर जाड काळी पट्टी. गुरुजींनी तिच्या मांडीवर गोष्टीचं पुस्तक ठेवलं आणि ती घडाघडा वाचू लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्या बापाला तर रडूच फुटलं.

"पळणाऱ्या पोराची शक्ती पायांतून सांडते!" गुरुजी गरजले. "बसवा त्याला! शक्ती डोक्यात चढेल, बुद्धी फुलेल!"

म्हणून गुरुजींच्या वर्गातली ही पोर वर्षभर बसून होती. पकडापकडी बंद, दोरीच्या उड्या बंद. तिची मावशी परगावी मुलांची डॉक्टर होती. सभागृहाच्या पायऱ्या चढताना भाचीला लागलेली धाप तिने पाहिली होती. ती सरळ मंचावर गेली.

"तुला मूल नाही, म्हणून जळतेस माझ्यावर," तिची सख्खी बहीण, म्हणजे मुलीची आई, सगळ्यांदेखत म्हणाली.

मावशीचा चेहरा उतरला, पण ती हटली नाही. तिने पट्टी आणि नाक यांच्यामधल्या फटीत कापूस बसवला. "वाच, बाळा."

मुलगी गप्प.

"शंकेखोर हात लागला! शक्तीच्या लहरी तुटल्या!" गुरुजी ओरडले.

"शंका अजून आहेच. कापूस तेवढा काढते." कापूस निघताच मुलगी वाचू लागली. मावशीने पुस्तक उचलून तिच्या कपाळासमोर धरलं. मुलगी पुन्हा गप्प.

"नाकाशेजारून खालचं दिसतं. घरी पट्टी बांधून बघा, तुम्हालाही वाचता येईल."

बाप मंचावर चढला आणि त्याने मुलीच्याच थोबाडीत मारली. "आम्हाला फसवत होतीस?"

"गुरुजींनीच शिकवलं," ती हुंदके देत म्हणाली. "कुणाला सांगितलंस तर आई मरेल म्हणाले."

आई तोवर काढता पाय घेणाऱ्या गुरुजींच्या मागे धावत होती. "गुरुजी, धाकट्याला तरी जमेल ना?"

मावशीने पट्टी सोडली. "चल, पळत घरी जाऊ." मुलगी चार पावलं पळाली आणि गुडघ्यांवर आपटली. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

हसणाऱ्यांनो, पळताना, तोल सावरताना, पडून उठताना लहान मुलाचा मेंदूही घडत असतो. तुमची पोरं अजून त्या वर्गात बसलेली असतील, तर आजच त्यांना उठवा. आणि पुढच्या चमत्काराला टाळी वाजवण्याआधी तो तपासून बघा.