माझी आठ किलोमीटरची थाप

मी ट्रेडमिल बोलतेय. हो, तीच, जिच्यावर माणसं पळतात कमी आणि टॉवेल वाळत घालतात जास्त. पण माझी गोष्ट वेगळी होती बरं का! माझ्यावर रोज सकाळी तासभर अग्निशमन दलातला एक जवान पळायचा आणि उतरला की माझा आकडा घरभर ओरडून सांगायचा. "आई, आज आठ किलोमीटर!"

कारखान्यात मला एकच शिकवण मिळाली होती. पट्टा फिरला की मोजायचा, वर कोण काय करतंय ते बघायचं नाही. आणि वर काय चालायचं? साहेब माझ्या दोन्ही दांड्यांना लटकलेले, निम्मा भार हातांवर, डोळे मोबाइलवर! पाय आपले माझ्याबरोबर वाहत जायचे. मी मनातल्या मनात हसायचे आणि मुकाट आठचा आकडा द्यायचे. तो खूश, मी खूश, मग मी कशाला तोंड उघडू?

त्याच खोलीत त्याची बायको शिवणकाम करायची. तिची पायाने चालवायची काळी शिलाई मशीन म्हणजे माझी सवतच. दिवसभर खडखड, खडखड, आणि कौतुक मात्र कवडीचं नाही. मी तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

एका सकाळी घात झाला. बायकोने एका सभागृहाचे चाळीस पडदे शिवायला घेतले होते. त्यातला एक तिने माझ्या दांड्यावर टाकला होता. जवानाने न बघताच बटण दाबलं, पडद्याचं टोक पट्ट्याखाली गेलं आणि माझ्या पोटातून धूर निघाला. आग विझवणाऱ्याच्या घरात धूर! आई हसून हसून खाली बसल्या.

मेकॅनिक आला, वाकून वास घेतला आणि म्हणाला, "मोटर जळाली. नवी यायला महिना तरी लागेल."

जवानाचा चेहरा उतरला. बावीस दिवसांवर त्याची परीक्षा होती. वीस किलोचा पाइप खांद्यावर घेऊन दोन मिनिटांत सहा मजले चढायचे. नापास झाला तर त्याला गाडीवरून उतरवून ऑफिसात फोन घ्यायला बसवणार होते.

"फोनवर 'गाडी निघालीय' म्हणत बसू जन्मभर?" तो कळवळला.

"अरे, मग जिना आहे की," आई म्हणाल्या. "आठ किलोमीटर पळणाऱ्याला जिन्याचं कसलं भय?"

तो ऐटीत गेला आणि दुसऱ्या मजल्यावर मटकन बसला. घरी आला तेव्हा धापेमुळे त्याला बोलताही येत नव्हतं. बायकोने आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या बनियनकडे, मग माझ्याकडे. माझ्या पट्ट्याखाली घाम फुटला.

"अहो, दर आठवड्याला तुमच्या बनियनची काख शिवून देते मी," ती म्हणाली. "पळणाऱ्याचं कापड काखेत कसं उसवतं? ते उसवतं लटकणाऱ्याचं!"

पकडली गेले! जवानाने माझ्या झिजलेल्या दांड्यांवरून हात फिरवला.

दुसऱ्या दिवसापासून मला डावलून सगळं सुरू झालं. सवतीने पडद्याची लांब, सरळ शिलाई धरली की तिच्या तालावर त्याने जागच्या जागी, गुडघे छातीपर्यंत उचलत पळायचं. कोपरा आला, ती मंदावली, की त्यानेही मंदावायचं. एका पडद्याला चार कोपरे. तिसऱ्या पडद्याला तो रडकुंडीला यायचा.

"कोपरा कधी येतोय गं?"

"अजून दोन हात आहे. पळा!"

संध्याकाळी शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं खांद्यावर घेऊन जिना. आई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायच्या आणि कठड्याला हात लागला की ती फेरी बाद करायच्या. मी जळफळत होते. खरं सांगते, तो नापास व्हावा असंही एकदा माझ्या मनात आलं.

तो पास झाला. चार सेकंद राखून. मी रुसून बसले.

पुढच्याच आठवड्यात एका दुपारी तो काजळीने माखून घरी आला आणि माझ्याच पट्ट्यावर टेकला. "पाचव्या मजल्यावर एक आजी अडकल्या होत्या," तो म्हणाला. "लिफ्ट बंद, जिन्यात धूर. वर पोचलो तेव्हा त्यांना उचलण्याइतका दम शिल्लक होता. खांद्यावर घेऊन उतरलो."

बायकोचा पाय मशीनवर थांबला. आईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. आणि माझा सगळा रुसवा विरला. माझ्या आकड्यावर विसंबून तो गेला असता, तर तिथेही दुसऱ्याच मजल्यावर बसला असता आणि वर त्या आजी वाट बघत राहिल्या असत्या. मला खूप लाज वाटली, आजही वाटते.

माझी मोटर अजून आलेली नाही. सध्या माझ्यावर कापड पसरून बायको कापते, आणि सवतीशी मी चार शब्द बोलूही लागलेय. तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्या गोड आकड्याला भुलू नका. एकदा हात मोकळे सोडून चार जिने चढून बघा. धाप लागली तर लाजू नका. लाजायचं काम आमचं आहे.