काठीचा पहिला मान

आमच्या पतसंस्थेच्या इमारतीला निळ्या काचा आहेत. तेव्हा शेवगावात असली काच दुसऱ्या कुणाकडे नव्हती, म्हणून चेअरमन आबासाहेबांनी ती लावली. समोरच्या जिनिंगमधून कापूस उडतो, रस्त्याची धूळ उडते आणि चार दिवसांत काच मळक्या लुगड्यासारखी दिसते, हे लावताना कुणाला सुचलं नाही. सुचायचं काम आबासाहेबांकडे कधीच नव्हतं. पुसायचं मात्र आमच्याकडे होतं. आतून मी पुसायची, बाहेरून माझा मुलगा सम्राट.

बाहेरून म्हणजे गच्चीवरून दोन दोर सोडायचे, त्यांना फळी बांधायची आणि फळीवर बसून पुसत पुसत खाली यायचं. अठ्ठ्याण्णव साली दसऱ्याच्या आधी एका बाजूची गाठ सुटली. फळी कलली आणि सम्राट दुसऱ्या दोराला लोंबकळत राहिला. मी आतून त्याच काचेपाशी होते. माझ्यापासून हातभर अंतरावर त्याचं तोंड होतं, पण ती काच उघडणारी नव्हती. शेवटी गच्चीवरच्या माणसांनी त्याला ओढून घेतलं. आबासाहेब केबिनमधून बाहेर आले, वर बघितलं आणि म्हणाले, "काचेला काय झालं न्हाई ना?"

सम्राट परत त्या फळीवर बसणार नाही, हे मी त्या दिवशीच ठरवलं. गावातलंही कुणी बसायला तयार होईना. जानेवारीत संस्थेचा वर्धापनदिन होता, जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते आणि काचांवर तर जनावराच्या अंगावर चढावी तशी धूळ चढलेली. मग आबासाहेबांना कुणीतरी सांगितलं की आता पाण्याची काठी मिळते. पोकळ काठी, तिच्या बाजूनं पाण्याची नळी, टोकाला ब्रश. ब्रशातूनच पाणी येतं. माणसानं खाली उभं राहायचं आणि वरची काच धुवायची. माणूस वाचतो म्हणून त्यांनी ती मागवली, असं मात्र नाही. शेजारच्या तालुक्यातल्या संस्थेनं मागवली होती, म्हणून मागवली.

पुण्याचा माणूस व्हॅनमधून दोन काठ्या घेऊन आला. एक फायबरची, पांढुरकी, वीस फुटांची. दुसरी ॲल्युमिनियमची. तिचे तुकडे एकातून एक ओढत गेलं की पंचेचाळीस फूट व्हायची. उन्हात ती अशी चमकली की आमच्या सेक्रेटरीनं, कानिफनाथानं, डोळ्यांवर हात धरला.

"आबासाहेब, काय लांबी हाय!"

"शेजारच्यांची किती फुटी?" आबासाहेबांनी विचारलं.

"पस्तीस," पुण्याचा माणूस म्हणाला. हे त्यानं तोंडपाठ करून आणलं होतं.

झाली निवड! बैल घेताना ही माणसं दात बघतात, चालवून बघतात, शेपटी पिळून बघतात. काठी घेताना यांनी लांबी सोडून काही बघितलं नाही. त्याचं कारण मला ठाऊक होतं. आबासाहेबांच्या गावात जत्रेला निशाणाची काठी निघते. बांबूला बांबू जोडून ती उंच करतात. ज्या गावाची काठी उंच, त्या गावाची मिशी वर्षभर वर. आबासाहेब त्या काठीचे मानकरी. पहिल्यांदा काठी त्यांनीच उचलायची, त्यांचा हात लागल्याशिवाय दुसऱ्यानं हात लावायचा नाही, असा तिथला नेम. त्यांच्या डोक्यात काठी म्हटलं की एवढंच येतं.

मी आणि सम्राटनं आदल्या दिवशी मोजमाप केलं होतं. इमारत अडतीस फूट. पुढं अख्ख्या लांबीचा पोर्च, त्याचा स्लॅब बारा फुटांवर. स्लॅबवर भिंतीजवळ उभा राहिलेला माणूस सहा फूट आणि वर वीस फुटांची काठी. झाले अडतीस. पोर्चच्या खालच्या काचा तर शिडीवरून हातानं पुसता येतात. आणि भिंतीपासून वीस हातांवर, म्हणजे तीस फुटांवर, रस्त्याच्या कडेनं विजेची मोठी तार जाते. वीस फुटी काठी हातातून निसटून पडली, तरी तिथवर जात नाही. लांब काठी घेतली, तर माणसाला पोर्चच्या बाहेर, अंगणात उभं राहावं लागणार. ती कलली की सरळ तारेवर.

हे सगळं मी आबासाहेबांना सांगितलं. ते हसले.

"सुमनबाई, तुमच्यात काठी नसती. तुमाला त्यातलं काय कळनार?"

"आमच्यात नसती, खरं हाय," मी म्हणाले. "माझा आजा तुमच्या काठीसाठी बांबू तोडून आनायचा. मान तुमचा, काटे त्याच्या हाताला. छप्पन साली आमी ते सोडलं. काठी सोडली आबासाहेब, डोळे न्हाई सोडले."

कानिफनाथ मध्येच म्हणाला, "ओ बाई, त्याला रबराची मूठ हाय!"

"एकदम सेफ आहे मावशी," पुण्याचा माणूस म्हणाला. बोलताना त्याचा तळवा काठीच्या बुडाशी एका ठिकाणी घट्ट होता. मी म्हणाले, जरा हात काढा. त्यानं काढला. खाली विजेचं चित्र होतं आणि हिंदीत एक ओळ होती. साक्षरता वर्गात अक्षरं गिरवली तेव्हा मी पन्नाशीची होते, त्यामुळे मी हळू वाचते. पण वाचते. "बिजली के तारों के पास इस्तेमाल न करें," मी मोठ्यानं वाचलं.

आबासाहेब कानिफनाथाला म्हणाले, "बघ, आता सुमनबाई आपल्याला वाचून दाखवायला लागल्या." सगळे हसले. सम्राट हसला नाही. तो त्या तारेकडे बघत होता.

वर्धापनदिनाच्या चार दिवस आधी काठीची पूजा ठरली. अंगणात पंचेचाळीस फूट काठी आडवी ठेवली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. ब्रशालाही कुंकू लावलं. काचा धुवायच्या ब्रशाला! संचालक मंडळ टोप्या घालून उभं होतं, पैसे न्यायला पुण्याचा माणूसही व्हॅन घेऊन परत आला होता. रस्त्यावरची माणसंही थांबली.

"सम्राट, उचल," आबासाहेब म्हणाले.

सम्राट पुढं झाला. त्याला बोलता आलं असतं, पण फळीवरून उतरल्यापासून 'हा घाबरट आहे' असं कानिफनाथ त्याला येता-जाता ऐकवायचा. ते ऐकायला नको म्हणून तो मरायला निघाला होता. मूर्खांच्या संगतीत शहाणं पोरही असं वागतं.

मी आडवी गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आबासाहेब, हे काय करताय? पूजा झाली, माळ घातली. आता ही काठी मानाची झाली. मानकऱ्याच्या आधी माझं पोरगं हात कसा लावंल?"

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय की! पहिला मान आबासाहेबांचा!"

"बरोबर हाय! धरा आबासाहेब!"

आबासाहेबांची छाती फुलली. त्यांनी टोपी नीट केली, पुढं झाले, मूठ धरली, आणि काठी कुठवर जाईल ते बघायला मान वर केली.

तेव्हा त्यांना तार दिसली.

इतकी वर्षं त्या तारेखालून ते गाडीतून येत-जात होते. मी बोटानं दाखवली होती, वाचून दाखवली होती. पण मूठ स्वतःच्या हातात आल्याशिवाय ती तार काही त्यांना दिसली नाही.

"माझा खांदा जरा धरलाय," ते म्हणाले. "कानिफनाथ, तू धर."

कानिफनाथ खाली वाकला आणि चपलेचा अंगठा चाचपू लागला. "तुटला वाटतं," तो म्हणाला.

"तुमी धरा की, दाखवा कशी धरायची ते," आबासाहेब पुण्याच्या माणसाला म्हणाले.

"आमचं काम साहेब फक्त विक्रीचं," तो म्हणाला आणि व्हॅनच्या दिशेनं दोन पावलं मागं सरकला.

"रबराची मूठ हाय म्हनं," मी म्हणाले.

सम्राटनं हात मागं बांधले होते. मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"ती पांढरी हाय का अजून गाडीत?" आबासाहेबांनी मूठ सोडून विचारलं.

ती होती. दुसऱ्या दिवशी सम्राटनं पोर्चवर उभं राहून दोन तासांत वरच्या सगळ्या काचा धुतल्या. त्या दिवशी बोअरचं पाणी वापरलं, तर वाळल्यावर काचेवर पांढरे ठिपके उठले. मग पाटाचं पाणी आणून, गाळून वापरलं. वर्धापनदिनाच्या भाषणात आबासाहेब म्हणाले की कामगाराच्या जिवाची काळजी म्हणून संस्थेनं मुद्दाम छोटी काठी निवडली. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी चहाचे कप उचलत होते.

लांब काठी परत गेली नाही. कुंकू लावलेला माल परत द्यायचा नाही, असं आबासाहेबांनीच सांगितलं. ती जिन्याखाली पडून आहे, माळ सुकून तिच्यावरच चिकटली आहे. रोज सकाळी झाडताना मी तिच्या भोवतीनं झाडते, तिला उचलत नाही. पहिला मान अजून व्हायचाय.