संध्याकाळच्या फेऱ्या

शिट्टीसरांना निवृत्त होऊन जमाना लोटला होता, तरी त्यांना समोरून येताना बघून गल्लीतली पोरं अजून ताठ उभी राहत. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवली आणि दुसऱ्यांच्या पोरांना पळवता पळवता स्वतःच्या पोराकडे बघायला सवड झाली नाही. तो पोरगा पुढे लिफ्ट दुरुस्त करू लागला आणि साऱ्या वस्तीचा लिफ्टवाला झाला. आता सरांना विस्मरण होऊ लागलं, आणि नेमकी तेव्हाच बापलेकांची खरी ओळख झाली. देवाचा कारभार असाच उफराटा.

कचेऱ्या उघडायच्या आत लिफ्ट तपासाव्या लागत, म्हणून लिफ्टवाला उजाडायच्या आधीच घर सोडायचा. संध्याकाळ मात्र त्याची होती. जेवणं झाली की सर बूट चढवून दारात उभे, मग दोघं मैदानावर. तिथे साधं चालतील तर ते सर कसले! "गुडघे वर! मान ताठ!" मैदानाला फेऱ्या, मग पायऱ्यांवर चढउतार. घामाघूम होऊन परतताना सर लेकाच्या खांद्यावर हात टाकायचे. त्या हाताची लिफ्टवाला दिवसभर वाट बघायचा. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण बघायचा.

रात्री मात्र घराची झोप उडालेली. सर टक्क जागे राहून खोल्यांतून फिरायचे, कपाटं उघडायचे, एकदा तर गॅस सुरू करून विसरले. मग दुपारपर्यंत ढाराढूर. सून दंतवैद्याकडे मदतनीस होती. झोप नसल्यामुळे तिच्या हातून हत्यारांचा ट्रे पडू लागला. लिफ्टवाल्याची ताई दुसऱ्या गावी राहायची. तिने फोनवर सरळ सांगितलं, "मी एक चांगला वृद्धाश्रम बघून ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत सुधारलं नाही तर अण्णांना तिथे ठेवायचं. उद्या घराला आग लागली म्हणजे कळेल तुम्हाला." ताईचं बोलणं कडू होतं, पण खोटं नव्हतं.

"त्यांना आणखी दमवतो," लिफ्टवाला बायकोला म्हणाला. "दमले की झोपतील." त्याने फेऱ्या वाढवल्या आणि आगीत तेल ओतलं.

शेवटी बायकोने ओळखीतल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना घरी आणलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "हा व्यायाम करतात कधी?"

"रात्री, जेवल्यावर. चांगला दणकून," लिफ्टवाला अभिमानाने म्हणाला.

"तिथेच चुकतंय. शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. ते मुख्यतः उजेडावर चालतं, पण थोडंफार हातापायांचंही ऐकतं. रात्री असं पळवलंत की त्याला वाटतं, दिवस अजून बाकी आहे. सगळ्यांचं असं होत नाही, पण यांचं होत असावं. सकाळच्या उन्हात चालवून बघा. रात्रीचं बंद."

"सकाळी मी घरात नसतो."

"मी असते," बायको म्हणाली. "माझं काम उशिरा सुरू होतं."

लिफ्टवाल्याला उमगलं. बापाला घराबाहेर काढायची वेळ आपणच आणत होतो, आणि तीही मायेपोटी! त्याला बायकोचा हेवा वाटला, आणि हेवा वाटल्याची लाजही वाटली.

दुसऱ्या संध्याकाळी सर बूट चढवून दारात हजर. खरं सांगून उपयोग नव्हता. समजलं असतं तरी सकाळपर्यंत विसरले असते. "आज नको अण्णा, गुडघा दुखतोय," लिफ्टवाल्याने थाप मारली. आता आळशी म्हणून उद्धार होणार, अशी त्याला खात्री होती. पण सरांनी बूट काढले, त्याला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसकण मारली आणि त्याचा पाय मांडीवर घेऊन गुडघ्याच्या वाटीच्या कडेने अंगठा फिरवू लागले.

"अंग न तापवता पळालास, दुसरं काय! किती पोरांचे गुडघे बरे केलेत मी."

केले असतील. या पोराच्या गुडघ्याला मात्र तो हात आज पहिल्यांदा लागत होता. लिफ्टवाल्याचे डोळे भरून आले आणि त्याने मान वळवली.

सून सासऱ्यांना रोज सकाळी चालायला नेऊ लागली. "सूनबाई गोगलगाय आहे, पण सांगितलेलं ऐकते," असा शेरा तिला मिळाला. हळूहळू सरांची दुपारची झोप सुटली, अंधार पडला की जांभया सुरू झाल्या. महिनाअखेरीस ताईचा फोन आला. "झोपतात का गं अण्णा?"

"घोरतात," सून म्हणाली.

 ताई नाक ओढत म्हणाली, "त्या आश्रमाला नको म्हणून कळवते."

गुडघा मात्र काही केल्या बरा होईना. जेवणं झाली की सर न चुकता विचारायचे, "आज कसा आहे रे?" आणि लिफ्टवाला कण्हत म्हणायचा, "दुखतोय अजून, अण्णा."

"खोटारडा," बायको एकदा त्याच्या कानाशी पुटपुटली. मग जाता जाता म्हणाली, "इतक्यात बरा होऊ देऊ नकोस हं."

त्या संध्याकाळी चोळता चोळता सरांचा हात मंदावला आणि लेकाच्या गुडघ्यावर डोकं टेकून ते तिथेच झोपी गेले. लिफ्टवाल्याचा पाय जडावला, मुंग्या आल्या, आणि गुडघा आता खरोखरच ठणकू लागला.

"उठव त्यांना, आत नेऊ या," बायको म्हणाली.

"थांब जरा," तो म्हणाला, आणि त्याने पाय हलवला नाही.