मुर्मानचं ताट

आमच्या स्वानेतीत, जॉर्जियाच्या या डोंगराळ मुलखात, जानेवारीत मेलेली माणसं घरी जेवायला येतात. पाद्री दरवर्षी नाक मुरडतो. मुरडू दे, तो या डोंगरात यायच्या आधीपासून ती येताहेत. आपण फक्त ताटं मांडायची, सुऱ्या लपवायच्या आणि एकेकाला नावाने हाक मारून बसवायचं.

सासऱ्यांचं ताट, सासूबाईंचं, माझ्या नवऱ्याचं. गेली तीन वर्षं मी तीनच मांडत आले. माझा मुलगा मुर्मान रानबोकडामागे हिमनदीवर गेला तो परतलाच नाही. प्रेतही सापडलं नाही. मग मांडू कशी? जित्या माणसाचं ताट मांडलं तर तो वर्षभरात जातो, हे आमच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

या वर्षी नणंद झाबुली राजमा ढवळता ढवळता म्हणाली, "वहिनी, चौथं ताट काढ."

"कुणाचं, तुझं?"

"बोल, काय बोलायचं ते बोलून घे. पण पोर उपाशी आहे गं. तीन वर्षं बापाच्या पाठीमागे उभा राहून सगळ्यांना जेवताना बघतोय."

"तू पाहिलंस?"

"नाही पाहिलं. पण तू तरी त्याला जिवंत कुठे पाहिलंस?"

मी तिच्या अंगावर ओरडले. चुलीत घाल तुझा राजमा म्हटलं, माझ्या घरातून चालती हो म्हटलं. ती जागची हलली नाही. डोक्याच्या रुमालाने डोळे पुसत ढवळत राहिली.

राग तिचा नव्हताच. मुर्मानला लहानपणापासून भूक सहन होत नसे. चीजची भाकरी तव्यावरूनच उचलायचा आणि तोंड भाजून घ्यायचा. तो ताटकळत उभा आहे आणि त्याला उपाशी ठेवणारी मी आहे, हे एकदा डोक्यात शिरलं ते निघेचना.

दिवस मावळायच्या आत चौथं ताट काढलं. राजमा वाढला, दोन भाकऱ्या वाढल्या, वर आणखी एक. सासऱ्यांना हाक मारली, सासूबाईंना, नवऱ्याला. झाबुली माझ्याकडे बघत नव्हती.

"मुर्मान," मी म्हटलं, "ये, बस बाळा. गरम आहे तोवर जेव."

एवढं बोलले आणि माझा मुलगा मेला.